द्वाररक्षक मूर्च्छित होतो तेव्हा : फायरवॉल व व्हीपीएन यांतील एका दोषाचा परिचय

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘उपयुक्त आणि नव्या’ विषयावर काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. उपयुक्त विषय पुष्कळ आहेत आणि नवेही पुष्कळ आहेत. परंतु दोन्ही गुण एकत्र नांदतील असा विषय शोधता शोधता माझी नजर कार्यालयातील कपाटावर ठेवलेल्या एका लहानशा पेटीवर गेली. तिचे हिरवे दिवे रात्रंदिवस लुकलुकत असतात. आपण सारे तिला ‘नेटची पेटी’ म्हणतो आणि ती बंद पडली की तेवढी तिची आठवण काढतो. ती फायरवॉल होय. अशी पेटी आज सहकारी बँकेत आहे, रुग्णालयात आहे, महाविद्यालयात आहे. आणि आपली जी मुलेमुली घरी बसून पुण्याच्या, इंदूरच्या किंवा परदेशातील कचेरीचे काम करतात, त्यांच्या कामाच्या वाटेवरही ती कोठेतरी उभी आहेच. ही पेटी फोडून चोर आत शिरतो, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पण तिच्यात न शिरता, तिला केवळ मूर्च्छा आणून सगळा व्यवहार थांबवता येतो, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात तेवढीच सांगावयाची आहे.

प्रथम पेटीचे काम समजून घेऊ. आपल्या बऱ्हाणपूरला तट आहे. निजाम आसफजहाने तो १७३१ साली बांधला. शनवारा, इतवारा, शिकारपुरा या त्याच्या दरवाजांची नावे आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो. तट दगडविटांचा असला तरी शहराचे रक्षण तट करीत नसतो. ते दरवाजावरचा पहारेकरी करतो, कारण माणसे आणि माल येणार ते दरवाजातूनच. फायरवॉल या शब्दाचा अर्थ भिंत असा असला, तरी ती वस्तुतः दरवाजावरचा पहारेकरी आहे. इंटरनेटवरील सारी माहिती लहान लहान पुडक्यांत बांधून येते. या पुडक्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर ते कोठून आले, कोठे जायचे आणि कोणत्या कामासाठी, हे लिहिलेले असते. पहारेकरी ते वाचतो, आपल्या नियमांच्या वहीशी ताडून पाहतो, आणि आत सोडतो किंवा बाहेरच टाकून देतो. एका सेकंदात त्याला अशी हजारो, मोठ्या ठिकाणी लाखो पॅकेटे पाहावी लागतात.

व्हीपीएनचे काम निराळे. ते समजण्यासाठी तटाकडून आपल्या कुंडी भंडाऱ्याकडे चला. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारातून शहरापर्यंत आणण्याची ही योजना झाली. वर रस्ता, शेते, गुरे, खाली पाणी. वरून चालणाऱ्याला पाण्याचा थेंब दिसत नाही आणि त्यात हात घालता येत नाही. व्हीपीएन हे माहितीचे असेच भुयार आहे. इंटरनेटच्या सार्वजनिक रस्त्याखालून, गुप्त लिपीत बंदिस्त करून, घरच्या संगणकापासून कचेरीच्या संगणकापर्यंत ते नेलेले असते. मात्र भुयार कितीही खोल असले तरी त्याला तोंड लागते. ज्याला आत यायचे आहे त्याला ते तोंड सापडले पाहिजे, म्हणून ते चव्हाट्यावर ठेवावे लागते. हक्काचा माणूस तेथे येतो. आणि हक्क नसलेलाही येऊन दार ठोठावू शकतो. पुष्कळ ठिकाणी पहारेकरी आणि भुयाराचे तोंड ही दोन्ही कामे एकाच पेटीकडे असतात. पुढे सांगितलेल्या बहुतेक घटनांचे मूळ या तोंडापाशी आहे.

‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणजे सेवा नाकारली जाणे, किंवा सरळ मराठीत सेवा बंद पाडणे. यात चोरी नसते. तिजोरी जागच्या जागी, कागदपत्रे जागच्या जागी. फक्त ज्यांना हक्काने आत यायचे त्यांनाच येता येत नाही. ऐकताना हे किरकोळ वाटते. पण ३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे तीनशे लहान सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयचे व्यवहार थांबले, तेव्हा एटीएमसमोर उभ्या असलेल्या माणसाला ते किरकोळ वाटले नसेल. त्या बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या ‘सी-एज’ या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला होता आणि संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने स्वतःहून तिची वाट तोडली होती. दुसऱ्या दिवशी वाट पूर्ववत झाली. ही घटना आपल्या विषयातील नव्हे, जातभाई मात्र आहे. आणि आपल्यासारख्या गावांत पैसे गेल्याइतकेच पैसे अडकल्याचेही दुःख असते, हे तिने दाखवले.

सेवा बंद पाडण्याचे प्रकार दोन. पहिला पुराचा. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील काही लहान इंटरनेट पुरवठादारांवर सेकंदाला सुमारे २०० गिगाबिट इतका निरर्थक माहितीचा लोंढा सोडण्यात आला आणि त्यांच्या ग्राहकांचे इंटरनेट रखडले. महाराष्ट्र पोलिसांकडे त्याची फिर्याद गेली. असा पूर आणायला जगभरातील हजारो बाधित संगणक हाताशी लागतात. ते काम कोणाही ऐऱ्यागैऱ्याचे नव्हे. दुसरा प्रकार दोषाचा. यात पूर लागत नाही. पहारेकऱ्याचे एखादे मर्मस्थान हेरून तेथे नेमकी एक टाचणी टोचायची. दोन्हींतला फरक आकड्याने सांगतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये डेन्मार्कच्या टीडीसी या दूरसंचार कंपनीतील तज्ज्ञांनी ‘ब्लॅकनर्स’ नावाचा प्रकार जाहीर केला. ‘तुमचे पत्र पोहोचू शकले नाही’ अशा अर्थाची टपालखात्यासारखी एक सूचना इंटरनेटवर असते. ती सूचना सेकंदाला अवघ्या १५ ते १८ मेगाबिट या वेगाने पाठवत राहिले, तरी काही नामांकित फायरवॉल वाचता वाचता दमून जात आणि आतील माणसांचे इंटरनेट बंद पडे. मुंबईच्या पुराशी तुलना केली तर हा सुमारे अकरा हजारावा हिस्सा झाला. एक साधा लॅपटॉप आणि घरचे इंटरनेट एवढे भांडवल त्याला पुरे.

आता हे मर्मस्थान उत्पन्न कसे होते ते पाहू. पहारेकरी हाही शेवटी एक सॉफ्टवेअर आहे, मनुष्याने लिहिलेले. लिहिणाऱ्याने मनात काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. येणारा पाहुणा साधारण शहाण्यासारखा वागेल, हे त्यांतील पहिले गृहीतक होय.

सर्वांत जुने उदाहरण सप्टेंबर १९९६ चे, न्यूयॉर्कच्या ‘पॅनिक्स’ या इंटरनेट पुरवठादाराचे. इंटरनेटवर दोन संगणक बोलू लागण्यापूर्वी तीन वाक्ये होतात. पाहुणा म्हणतो, ‘येऊ का?’ यजमान म्हणतो, ‘या’ आणि वहीत त्याच्या नावाने एक पाट मांडून ठेवतो. पाहुणा म्हणतो, ‘आलो.’ हल्लेखोराने काय केले, तर खोट्या पत्त्यांवरून ‘येऊ का?’ एवढेच शेकड्यांनी विचारले आणि पुढे गप्प बसला. पाट मांडलेले, पाहुणे नाहीत, आणि खरे पाहुणे मात्र जागा नाही म्हणून दारात उभे. यावर डी. जे. बर्नस्टीन यांनी त्याच वर्षी सुचवलेला उपाय मोठा मार्मिक आहे. यजमानाने वहीत लिहूच नये. पाहुण्याच्या हाती एक शिक्क्याचे टोकन द्यावे, आणि ते टोकन घेऊन जो परत येईल त्यालाच पाट मांडावा. लक्षात ठेवण्याचा भार पाहुण्यावर टाकला की खोटा पाहुणा आपोआप गळतो. हा उपाय आजही वापरात आहे. आपल्याकडे भोजनसमारंभाला तो लागू करावा की काय, हे व्यवस्थापक मंडळाने ठरवावे.

दुसरे उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात दोष किती निरागस असतो ते दिसते. व्हीपीएनच्या तोंडाशी पुष्कळदा ओळखपत्र मागतात. हे ओळखपत्र म्हणजे गणिताने बनलेला एक दस्तऐवज असतो. तो वाचण्यासाठी जगभर ‘ओपनएसएसएल’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर वापरले जाते. कित्येक कंपन्यांच्या फायरवॉलच्या पोटात तेच असते. ओळखपत्र वाचताना त्याला काही वेळा एका विशिष्ट प्रकारचे वर्गमूळ काढावे लागते. ते काढण्याची जी रीत आहे ती दिलेली एक संख्या मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः याखेरीज तिला कशानेच निःशेष भाग जात नाही, असे धरून चालते. खऱ्या ओळखपत्रात तसेच असते. पण कोणी मुद्दाम मूळ नसलेली संख्या घातली तर? तर ती रीत पायरी पायरीने पुढे जायच्या ऐवजी त्याच त्या पायऱ्यांवर फिरत राहते, आणि अनंतकाळ फिरत राहील. घाण्याच्या बैलासारखी. ‘गूगल’मधील संशोधक टॅव्हिस ऑरमंडी यांनी हा दोष फेब्रुवारी २०२२ मध्ये कळवला आणि १५ मार्च २०२२ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध झाली. त्याची नोंद सीव्हीई-२०२२-०७७८ या क्रमांकाने आहे. (जगात कोठेही असा दोष सापडला की त्याला असा क्रमांक मिळतो, आपल्याकडील सात-बाऱ्याच्या गट क्रमांकासारखाच तो समजावा.) यातील मर्म असे की ओळखपत्र खरे की खोटे, हे ठरवण्याच्या आधी ते वाचावे लागते, आणि पहारेकरी वाचतानाच अडकला. म्हणजे खोटे ओळखपत्र ओळखण्याची त्याची सारी विद्या तशीच राहिली, ती वापरण्याची वेळच आली नाही.

तिसरे उदाहरण २९ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झालेल्या सिस्को कंपनीच्या ‘एएसए’ या फायरवॉलमधील दोषाचे. त्यास तीव्रतेचे दहापैकी दहा गुण मिळाले होते, आणि असे पूर्ण गुण मिळवणे या परीक्षेत भूषण नव्हे. एनसीसी ग्रुपचे सेड्रिक हाल्ब्रोन यांनी तो शोधला. आपल्या न्यासाची भांडी लग्नकार्यासाठी दिली जातात. त्याच्या वहीवरून तो सहज समजेल. समजा, एका घरून परत आलेले पातेले ‘जमा’ म्हणून चुकून दोनदा लिहिले गेले. वहीत दोन पातेली शिल्लक दिसतील, फडताळात मात्र एकच असेल. मग एकाच तिथीला ते दोन घरांना दिले जाईल आणि मुहूर्ताच्या दिवशी जो गोंधळ होईल तो आपण जाणता. त्या फायरवॉलमध्ये संगणकाच्या स्मृतीतील एक जागा अशीच दोनदा ‘जमा’ होत असे. व्हीपीएनच्या तोंडाशी विशिष्ट रीतीने बिघडवलेला मजकूर पाठवला की ती चूक घडे, आणि पेटी एक तर बंद पडून पुन्हा सुरू होई किंवा कुशल हल्लेखोराच्या ताब्यात जाई. कंपनीने दिलेली पहिली दुरुस्ती अपुरी असल्याचे आढळून ५ फेब्रुवारीला नवी द्यावी लागली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बाकीची उदाहरणे झटपट सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये पालो अल्टो कंपनीच्या फायरवॉलमध्ये आढळलेला दोष, सीव्हीई-२०२४-३३९३, पहाऱ्यात नव्हता, रोजनिशीशी निगडित होता. एक विशिष्ट नोंदणीची सोय चालू असेल तरच एका बिघडवलेल्या पॅकेटने पेटी कोसळून पुन्हा सुरू होई. पुन्हा पुन्हा तसे केले तर ती दुरुस्तीच्या अवस्थेत जाऊन बसे आणि माणसाने हात लावल्याशिवाय उठत नसे. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिस्कोने जाहीर केलेला दोष, सीव्हीई-२०२४-२०४८१, तर गंमतीचा आहे. तेथे चोरांचा उद्देश कदाचित सेवा बंद पाडण्याचा नव्हताच. वसंत ऋतूपासून जगभरच्या व्हीपीएनच्या दारांवर कोणी चोर लाखो पासवर्ड आंधळेपणाने लावून पाहत होते. त्या ठोठावण्याने पेटीची शक्ती संपून भुयाराचे तोंडच बंद होई, आणि घरून काम करणारे कर्मचारी बाहेर राहत. चोराला किल्ली लागली नाही, पण कुलूप खराब झाले.

येथे एक शंका सुज्ञ वाचक घेतील. पहारेकरी मूर्च्छित झाला तर दार उघडे का राहत नाही? निदान काम तरी चालेल. याचे उत्तर आपल्या यंत्रमागावाल्यांना विचारावे. चांगल्या मागावर ताण्याचा एक धागा तुटला की माग आपोआप थांबवण्याची सोय असते, नाही तर मीटरच्या मीटर कापड सदोष विणले जाईल. फायरवॉलही बिघडली की वाट बंद करते. दार उघडे टाकून पडणारा पहारेकरी कोणाला हवा? ही रचना योग्यच आहे. अडचण एवढीच की मागाचा धागा कारखान्यात तुटतो, आणि येथे धागा तोडण्याची संधी रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही असते. यावर काही संस्था दोन पेट्या ठेवतात. एक पडली की दुसरी काम उचलते. वीज गेली, पंखा जळला, तर ही जोडी उत्तम. पण दोघींच्या पोटात एकच सॉफ्टवेअर असते. ज्या टाचणीने थोरली पडली त्याच टाचणीने धाकटीही पडते, आणि दुप्पट खर्च करून दोनदा पडण्याचा अनुभव तेवढा मिळतो.

आता ज्या घटनेने या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले ती सांगतो. ५ मार्च २०१९. अमेरिकेतील युटा राज्यात मुख्यालय असलेली ‘एसपॉवर’ ही वारा आणि सूर्य यांपासून वीज करणारी कंपनी. तिच्या नियंत्रण केंद्राचा दूरवरच्या वीजनिर्मिती स्थळांशी असलेला संपर्क त्या दिवशी मधूनमधून तुटू लागला. प्रत्येक वेळी पाच मिनिटांहून कमी काळ. पण असे सुमारे दहा तास चालले होते. वीज निर्माण होत होती, तारांतून जातही होती, फक्त केंद्रात बसलेल्या माणसांना तेवढी मिनिटे ती दिसत नव्हती. मोटार चालवताना मधून मधून डोळे मिटावेत तसा प्रकार. सुदैवाने वीजपुरवठ्यात खंड पडला नाही. नोंदी तपासल्यावर आढळले की बाहेरच्या बाजूच्या फायरवॉल पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू होत होत्या आणि कोणी अज्ञात बाहेरून एका दोषाचा उपयोग करून ते घडवत होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात उत्तर अमेरिकेच्या वीजजाळ्याच्या विश्वासार्हतेवर देखरेख करणाऱ्या ‘नर्क’ या संस्थेने या घटनेवर धडा म्हणून एक टिपण काढले. त्यात कंपनीचे नाव नव्हते. ते पुढे वृत्तपत्रीय चौकशीतून बाहेर आले.

मला त्या टिपणातील एकच गोष्ट टोचते. तो दोष नवा नव्हता. तो जाहीर झालेला होता आणि पेटी बनवणाऱ्याने त्याची दुरुस्तीही काढलेली होती. ती बसवायची राहिली होती. घटनेनंतर कंपनीने ती आधी कमी महत्त्वाच्या ठिकाणी लावून पाहिली, मग इतरत्र लावली. जे काम घटनेनंतर झाले ते आधीही तितक्याच श्रमात झाले असते. आळसामुळे राहिले असे मी म्हणणार नाही. दुरुस्ती बसवायची म्हणजे पेटी काही मिनिटे बंद करावी लागते, आणि चालत्या गाड्याला खीळ घालायला कोणी धजत नाही.

हे मी दूर बसून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मला बोलावणे आले. नाव सांगण्याचे कारण नाही. काम चांगले, माणसे सज्जन. त्यांचे इंटरनेट दिवसातून तीन-चार वेळा पाच-सात मिनिटे जाई आणि आपोआप येई. वीज कमीजास्त होत असेल म्हणून त्यांनी नवा इन्व्हर्टर घेतला. मग तार बदलली. मग पुरवठादाराशी कडाक्याचे भांडण केले. पेटी जिन्याखाली होती. तिच्यावर वहीचे गठ्ठे होते. तिचे सॉफ्टवेअर चार वर्षांपूर्वीचे निघाले. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ असे मला सांगण्यात आले. दुरुस्ती बसवली आणि पेटीची मूर्च्छा थांबली. पण खरी गोष्ट पुढे आहे. मी येण्याआधी, कंटाळून, तेथील एका उत्साही तरुणाने इंटरनेटची तार पेटीतून काढून थेट आतल्या जाळ्यात खोचली होती. ‘तात्पुरती.’ ती तात्पुरती व्यवस्था अकरा दिवस तशीच होती. सारी हिशेबाची दप्तरे, देणगीदारांची यादी, कर्मचाऱ्यांच्या बँकखात्यांचे तपशील, अकरा दिवस पहाऱ्यावाचून. काही गेले नाही असे दिसते. तरी तो तरुण भला होता आणि त्याच्या जागी मीही तरुणपणी तेच केले असते, हे कबूल करायला हवे.

मूर्च्छा हाच अखेरचा हेतू असतो असे नाही, हे यावरून ध्यानात यावे. एप्रिल २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘आर्केनडोर’ या हेरगिरीच्या प्रकरणात सिस्कोच्या फायरवॉलमध्ये शिरलेल्या हेरांनी पेटी मुद्दाम कोसळवून पुन्हा सुरू केली. सुरू होताना ती एका ठरावीक फाइलचा शोध घेई, आणि ती फाइल त्यांनी आधीच तेथे ठेवून दिली होती. म्हणजे पहारेकऱ्याला झोपवले ते उठताना त्याच्या हाती आपली चिठ्ठी पडावी म्हणून. याच घराण्यातील दोषांचा मागोवा सप्टेंबर २०२५ पर्यंत चालू होता, आणि ५ नोव्हेंबर २०२५ रोजी कंपनीने पुन्हा सांगितले की हल्ल्याच्या नव्या प्रकाराने दुरुस्ती न केलेल्या पेट्या अवचित बंद होऊन चालू होत आहेत. तेव्हा ‘आपोआप गेले, आपोआप आले’ म्हणून सुटकेचा श्वास टाकण्यापूर्वी, ते का गेले, हे विचारावे.

आपल्या कार्यालयात काय करता येईल, याबद्दल मंडळापुढे मी तोंडी सांगितलेच आहे. सभासदांसाठी येथे लिहितो. आपली पेटी पुरवणाऱ्याला दर तीन महिन्यांनी एक साधा प्रश्न विचारावा : हिच्यातील सॉफ्टवेअर कोणत्या तारखेचे आहे, आणि त्यानंतर सुरक्षेची दुरुस्ती निघाली आहे काय? त्याचे उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्यावे. बनवणाऱ्याने दुरुस्त्या काढणे बंद केले असेल तर ती पेटी कितीही चकचकीत असली तरी बदलावी. आपण व्हीपीएन वापरतो तो केवळ वर्षअखेरीस हिशेबनिसांना घरून पाहता यावे म्हणून. उरलेले दहा महिने भुयाराचे तोंड बंद ठेवायला हरकत नाही. जे तोंड उघडेच नाही तेथे टाचणी टोचता येत नाही. पेटीची मांडणी करण्याचे पान इंटरनेटवरून उघडता येऊ नये. ते केवळ कार्यालयातूनच उघडावे. दवाखान्याच्या दिवशी इंटरनेट गेले तर रुग्णांच्या नोंदी कागदावर कशा घ्यायच्या याचे छापील तक्ते तयार ठेवावेत. अडीनडीला मोबाइलवरून एका संगणकापुरते इंटरनेट घ्यावे. पण तार पेटीतून काढून आत खोचणे, हे कोणीही, कितीही घाईत, करू नये. घरच्या राउटरलाही यातील बहुतेक गोष्टी लागू आहेत. विशेषतः ज्यांची मुले घरून नोकरी करतात त्यांनी एखाद्या रविवारी त्या राउटरची दुरुस्ती बसवून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे.

कायद्याचेही दोन शब्द. आपल्या देशाच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये, हक्काच्या माणसाला संगणकाचा वापर नाकारला जाईल असे करणे, हे वेगळे नमूद केलेले आहे. आणि ते अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. काही चोरले नाही, हा बचाव तेथे चालत नाही. अशा घटनांची नोंद घेणारी केंद्र सरकारची संस्था म्हणजे ‘सर्ट-इन’. तिचे काम जानेवारी २००४ पासून चालू आहे. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या आदेशाप्रमाणे सेवा पुरवठादार, कंपन्या आणि शासकीय कार्यालये यांनी असा हल्ला ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत तो कळवायचा असतो आणि आपल्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात.

नोंदींवरून एक सूचना राहिली. पेटी कोसळून पुन्हा सुरू झाली की तिची स्वतःची रोजनिशी पुष्कळदा पुसली जाते, आणि तपासनीसाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून कपाटाच्या दाराला आतून एक वही दोरीने बांधून ठेवली आहे. इंटरनेट गेल्याची आणि आल्याची वेळ, मिनिटासह, जो कोणी कार्यालयात असेल त्याने तीत लिहावी. पेन्सिलही बांधलेली आहे.